एरंडेल, फण्या आणि ताईंची टाच

जगातली प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा थोडी मजबूत करता येते, आणि करता येते म्हणून ती केलीच पाहिजे, असं मनापासून मानणारी माणसं या पृथ्वीवर किती आहेत मला ठाऊक नाही. मला एकच भेटला, आणि तो माझा साडू निघाला. लोकांचे साडू पत्ते कुटतात, सासुरवाडीला मानपानावरून रुसतात, जेवण झाल्यावर राजकारण सांगतात. माझे साडू वस्तू दाबून बघत. समोर येईल त्या वस्तूवर उजव्या हाताचा अंगठा ठेवायचा, दाबायचा, सोडायचा, आणि मान वाकडी करून दाबलेली जागा पुन्हा वर येते का याची वाट बघायची. पाव, उशी, सायकलची सीट, पिकलेलं सीताफळ, कशाचीही त्यातून सुटका नव्हती. एकदा अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या रांगेत पुढे एक पैलवान उभा होता. साडूंनी त्याचा दंड दाबला. पैलवान वळला. मी डोळे मिटले. साडू अतिशय गंभीरपणे त्याला म्हणाले, "उत्तम. पटकन वर येते." पैलवान इतका खूश झाला की त्याने आम्हाला रांगेत पुढे घेतलं.

आम्हा दोघांची लग्नं एकाच मांडवात झाली. सासुरवाडी नांदगाव खंडेश्वरची. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षीचा उन्हाळा होता. त्यामुळे लग्नात होमहवन नाही, घोडा नाही, बँड नाही. पांढरे कपडे, पंचशील, वंदना आणि एकेक लाडू. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. विधी संपून फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालतो न घालतो तोच हे माझ्याकडे झुकले आणि आमच्या नात्यातलं पहिलं वाक्य बोलले.

"साडूभाऊ, लाडू दाबून पाह्यला का?"

"नाही."

"पाहा. फुटत नाही. बेसनात रवा हाय. बारीक दाना पोटात असला का कोनतीबी गोठ टिकते."

मला वाटलं, माणूस संसारावर काही खोल बोलतो आहे. मी भारावून मान डोलावली. फोटोत मी तसाच भारावलेला आलो आहे आणि साडूंचा अंगठा लाडवात आहे. त्यांच्या बोलण्यात खोल अर्थ काही नव्हता हे कळायला मला पुढे सहा महिने लागले. ते रव्याबद्दलच बोलत होते.

साडू अकोल्याला कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. मी अमरावतीला बांधकाम खात्यात कारकून. बडनेऱ्याला गाडी पकडली की अकोला काही लांब नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत एखादा रविवार तिकडे जायचाच. आणि प्रत्येक रविवारी त्या घरातल्या कुठल्यातरी वस्तूच्या पोटात बारीक दाणे गेलेले असायचे. न्हाणीघरातल्या साबणात बारीक वाळू मिसळलेली असे. तो साबण दोन वर्षं झिजत नसे, आपणच झिजत असू. मी एकदा त्या साबणाने तोंड धुतलं तर आठवडाभर ऑफिसात लोक मला उन्हात कुठे गेला होतात म्हणून विचारत होते. मेणबत्तीत खडूची भुकटी, भिंतीच्या गिलाव्यात भाताचा कोंडा, खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीत विटेचं पीठ. त्या घरात फक्त ताईंचा स्वयंपाक तेवढा निर्भेळ होता. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "याच्या अल्याड तुमचे दाने, पल्याड माह्या भाकरी." साडूंनी ती हद्द कधी ओलांडली नाही. एकदाच ओलांडली, ते पुढे सांगतो.

ताई नर्स होत्या. गावातली पांढरा युनिफॉर्म घालणारी पहिली मुलगी म्हणून नांदगावात त्यांचं अजून नाव घेत. दवाखान्यात आठ-आठ, दहा-दहा तास उभं राहायचं, तेही शहाबादी फरशीवर. महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांच्या टाचा दुखायला लागल्या. आधी सकाळी उठल्यावर, मग दुपारी, मग चोवीस तास. घरी आल्या की कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय टाकून बसत आणि चेहरा असा करत की जणू पाय गार करायलाच बसल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहू नका. ताई म्हणाल्या, "मंग पेशंटच्या खाटेवर बसून काम करू का?" डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर नोकरीचा विचार करा. त्या रविवारी मी तिथेच होतो. ताईंनी ही हकिकत हसत हसत सांगितली, आत गेल्या, आणि आतून भांडी जरा जास्तच वाजायला लागली. मधेच वाजणं थांबलं, तेव्हा त्या रडताहेत हे आम्हा दोघांनाही कळलं.

बायकोशी गोड बोलणं हा विषय साडूंच्या अभ्यासक्रमात नव्हता. बराच वेळ त्यांनी ताईंची दवाखान्यातली चप्पल हातात घेऊन तिचा तळ दाबला, आणि मग मला म्हणाले, "साडूभाऊ, फरशी बदलता येत नाही. टाच बदलता येत नाही. पन मधात काहीतरी टाकता येते."

हे 'मधात काहीतरी' शोधायला त्यांना चार वर्षं लागली.

त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईला रंगाच्या कारखान्यात लागला होता. त्याने गुरुदक्षिणा म्हणून दोन गोष्टी पाठवल्या. एक, परदेशी उशीतून कापलेला स्पंजासारखा बोटभर तुकडा. दुसरी, एक पत्र्याचा डबा. त्यातल्या पाण्यासारख्या रसायनाचा वास असा की डबा उघडला की आख्खी गल्ली रडायची. या रसायनात तेल आणि थेंबभर पाणी मिसळलं की ते फुगतं आणि फुगून घट्ट होतं, तोच स्पंज. त्याला पॉलियुरेथेन म्हणतात, असं साडूंनी मला समजावलं. तेल मात्र कुठलंही चालत नाही. चालतं ते एरंडेल.

ज्या तेलाच्या नुसत्या नावाने आमच्या पिढीचं पोट अजून ढवळतं, ते तेल साडूंनी पाच शेर आणलं. तेलवाल्याने मापं भरता भरता काळजीने विचारलं, "मास्तर, घरी किती मंडळी?" साडू म्हणाले, "दोघंच." तेलवाल्याने माप ठेवून दिलं. "पहा बाप्पा," तो म्हणाला, "एका दिवशी नोका घेऊ."

पहिला प्रयोग अंगणात, कडुनिंबाखाली झाला. डबा घरात उघडायचा नाही, हा ताईंचा हुकूम होता. साडूंनी नाकाला ओलं फडकं बांधलं, मलाही बांधलं, घमेल्यात तेल ओतलं, रसायन ओतलं, पाण्याचे थेंब टाकले आणि पळीने ढवळायला लागले. क्षणभर काही झालं नाही. मग घमेल्याने उसासा टाकल्यासारखं झालं आणि पिवळट फेस वर यायला लागला. तो आला आणि येतच राहिला. दूध उतू जातं ते निदान खाली जातं. हे वर वर चढत होतं. साडू आनंदाने ओरडले, "पाहा, पाहा, उठून राह्यलं!" तेवढ्यात पळी आत गेली. पळी काढायला त्यांनी हात घातला आणि हातातलं घड्याळ आत गेलं. घड्याळ बघायला मी वाकलो तर माझ्या बगलेतली छत्री गेली. पाच मिनिटांत तिथे, बसलेल्या म्हशीएवढा, एक ढिगारा घट्ट होऊन उभा राहिला. त्यातून माझ्या छत्रीची मूठ तेवढी बाहेर आली होती. छत्री करवतीने कापून काढावी लागली. घड्याळ त्या ढिगाऱ्यात पुढे तीन दिवस टिकटिकत होतं आणि साडू येणाऱ्याजाणाऱ्याला कान लावून ऐकायला सांगत.

शेजारी एक पिंजारी चाचा राहत. अकोल्यासारख्या कापसाच्या गावात गाद्या भरण्यात त्यांची हयात गेली होती. स्पंजाच्या गाद्या मुंबईत निघाल्यात असं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यामुळे साडूंच्या अंगणाकडे ते शत्रूच्या छावणीकडे बघावं तसं बघत. पण रोज येऊन बघत. त्या ढिगाऱ्यातून कापलेले पहिले दोन तळवे ताईंच्या चपलांत बसले. पहिला दिवस बरा गेला. आठव्या दिवशी ते तळवे पापडासारखे चपटे होऊन फरशीला जाऊन मिळाले. चाचांनी एक उचलून नखाने टोकरला, पिठासारखा भुगा पडला.

"मास्तर, ये गद्दी नहीं, धोखा है," चाचा म्हणाले. "रुई दबी तो मैं फिरसे पिंजून देतो. इसको कौन पिंजेगा?"

साडूंनी दोन दिवस जेवताना भाकरी नुसती दाबली. तिसऱ्या दिवशी त्यांना रवा आठवला.

त्यांचं म्हणणं असं की, स्पंज म्हणजे बुडबुड्यांची चाळ. प्रत्येक बुडबुड्याला भिंती. भिंती नुसत्या तेलाच्या, म्हणून खचतात. त्या भिंतींत दाणे घालायचे. पण वाळूचे नाहीत, वाळू जड आणि धारदार. दाणे प्लास्टिकचे पाहिजेत. आणि अकोल्यात प्लास्टिक मिळण्याचं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे लोकांच्या डोक्याजवळ. फण्या! पण सगळ्या फण्या चालत नसत. ज्या जातीचं प्लास्टिक साडूंना हवं होतं ते फरशीवर पडलं की धातूसारखं टण्णकन वाजतं. झालं. साडू कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी कोनाड्यातली फणी उचलून खाली टाकत आणि कान देत. टण्ण वाजली की चेहरा उजळे. "ही तुमच्या कामाची हाय का?" असं ते इतक्या आर्जवाने विचारत की लोक देऊन टाकत. सहा महिन्यांत त्या गल्लीतल्या बायका पुन्हा लाकडी फण्यांवर आल्या. साबणाच्या डब्या, खेळण्यातल्या मोटारी, भोवरे, सगळं गेलं. माझ्या बायकोची लग्नातली गुलाबी फणीही अशीच टण्ण वाजून गेली. तिने चार दिवस अबोला धरला, माझ्याशी. म्हणे साडू कुणाचे?

आता या फण्यांचे दाणे करायचे कसे? साडू थैली घेऊन पिठाच्या गिरणीवर गेले. गिरणीवाल्याने सवयीने थैलीत हात घातला.

"गहू का ज्वारी?"

"फण्या."

गिरणीवाल्याने हात बाहेर काढला. "मास्तर," तो शांतपणे म्हणाला, "माह्या गिरनीत लोकाईचं पीठ निंगते. घरी जा, ताईले विचारून या." ताईंना विचारायची सोय नव्हती, म्हणून साडूंनी कानस घेतली आणि दोन महिने रोज संध्याकाळी ओट्यावर बसून फण्या घासल्या. त्या भुकटीचे तळवे झाले. त्यातला एक जोड तपासणीसाठी माझ्या बुटांत बसवण्यात आला, कारण ताईंच्या टाचांवर आता प्रयोग नकोत असं साडूंनी ठरवलं होतं. माझ्या टाचांबद्दल त्यांनी असं काही ठरवलं नव्हतं.

त्या तळव्यांचा विशेष असा की पाऊल टाकलं की त्यातून हवा बाहेर पडायची. फुस्स. दुसरं पाऊल टाकलं की, फुस्स. शांत ऑफिसात मी फाईल घेऊन साहेबांच्या टेबलाकडे निघालो आणि दहा पावलांत आमच्या खात्यातले अकरा लोक माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मी म्हणालो, "साहेब, ते माझं नाही, साडूंचं आहे." याने काही खुलासा झाला असं मला वाटत नाही. महिनाभर मी चवड्यांवर चालत होतो. शेवटी ते तळवे जिथे जिथे दाणे होते तिथेच फाटले, आणि मी आनंदाने ते अकोल्याला पोचवले.

साडूंनी भिंगाखाली फाटलेली जागा बघितली आणि मांडीवर थाप मारली. "साडूभाऊ, चूक सापडली! दाना मोठा हाय. भिंतीपेक्षा वीट जाड झाली. मंग भिंत तिथंच फुटते. दाना असा पाहिजे का दिसलाच नाही पाहिजे."

न दिसणारा दाणा कानशीने होत नाही. साडूंनी त्यासाठी जी युक्ती काढली ती मी स्वतः पाहिली आहे, आणि एखाद्या गारुड्याने दाखवली असती तर मी पैसे दिले असते. त्यांनी फण्यांचे तुकडे एका द्रावकात विरघळवले. काकवीसारखा पाक झाला. तो पाक ते जोरात ढवळलेल्या स्पिरिटमध्ये थेंब थेंब सोडायला लागले. आणि त्या स्वच्छ स्पिरिटचं बघता बघता दूध झालं. खरोखर दूध! "हे पाहा," साडू कुजबुजले, "गल्लीतल्या समद्या फण्या." ते गाळून, धुऊन, वाळवून जी पांढरी पूड निघाली ती चेहऱ्याला लावायच्या पावडरीपेक्षा मऊ होती. चिमटीत घेतली तर काही घेतलंय असं वाटू नये.

पण ती एरंडेलात टाकली की गोळे होऊन तळाशी बसायची. वर तेल, खाली गाळ. साडूंनी काचेच्या दांडीने हलवलं, चमच्याने हलवलं, बाटलीत घालून मला हलवायला लावलं. नाही. मग एका दुपारी, ताई ड्यूटीवर असताना, त्यांनी उंबरा ओलांडला आणि ताकाची रवी आणली.

दोन तास घुसळल्यावर मातीच्या माठात दाट, पांढरंशुभ्र, एकजीव असं काहीतरी तयार झालं. डब्यातलं रसायन अजून त्यात घालायचं होतं. साडूंनी ते सावलीला स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं आणि हात धुवायला गेले. नेमके त्याच वेळी नांदगावहून आमचे सासरे आले. मे महिन्याची दुपार, अंगावर धूळ, आणि समोर माठ, माठात रवी, रवीवर पांढरा थर. सासऱ्यांनी गडू बुचकळला आणि उभ्या उभ्या अर्धा रिता केला. हे मी ओसरीवरून पाहिलं; ओरडलोसुद्धा, पण आवाज फुटेपर्यंत गडू खाली आला होता.

सासरे म्हणजे आयुष्यात कधी चुकलो असं न कबूल करणारे गृहस्थ. त्यांनी मिशा पुसल्या, थोडा विचार केला आणि म्हणाले, "ताक जरा जड हाय."

साडू धावत आले. माठाकडे पाहिलं, गडूकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "मामा, तुमी किती घेतलं?" सासऱ्यांना वाटलं जावई हिशेब विचारतो आहे. "अर्धा गडू. काहून?" साडूंनी वहीत लिहून घेतलं, आणि मग अतिशय नम्रपणे त्यांना परसाकडची वाट दाखवून ठेवली. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांनी त्या वाटेवर सात खेपा केल्या. दर खेपेला परत आले की खाटेवर ताठ बसत आणि म्हणत, "अकोल्याचं पानी बदललं वाटते." ताई ड्यूटीवरून आल्या, रवीचा वास घेतला, बापाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते मी बडनेऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून पूर्ण ऐकू शकलो नाही. नवी रवी साडूंनी दुसऱ्याच दिवशी आणली. जुनी मात्र त्यांना मिळाली, आणि फण्यांचे दाणे तेलात तळाशी न बसता तरंगत ठेवायला तिच्यासारखं यंत्र नव्हतं.

त्या माठातून जो स्पंज उठला तो वेगळा होता. हे मलाही कळलं. तो दाबला की खाली जाई, पण घाईने नाही. आणि सोडला की वर येई, तोही हट्टाने. चाचांना बोलावलं. त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी पिळला, ताणला, टाचेखाली घालून त्यावर सगळा भार दिला, आणि कानाजवळ नेला. मग तुकडा परत देत म्हणाले, "मास्तर, मेरी दुकान बंद करवायेगा तू." आणि हसले. हसले, पण चहा न घेता गेले. साडू दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांकडे दोन नव्या गाद्या भरायला टाकल्या. घरात गाद्या चार होत्या आणि माणसं दोन.

नवे तळवे ताईंच्या चपलांत गेले तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. त्या वर्षी हगवणीची साथ आली. खाटा पुरेनात, पेशंट व्हरांड्यात, ताई सकाळच्या जात त्या अंधार पडल्यावर येत. साडू दारात बसलेले असत, हातात कॉलेजातून आणलेलं व्हर्नियर. वस्तूची जाडी केसाएवढ्या फरकानेसुद्धा सांगणारं ते मोजायचं साधन. ताई खुर्चीवर टेकल्या की ते खाली बसत, पाऊल मांडीवर घेत, चप्पल काढत, आधी तळवा मोजत आणि मग टाच हळूच दाबून विचारत, "इथं?" ताई म्हणत, "नाही." "इथं?" "थोडं." ते वहीत लिहीत. आणखी आठवड्याने "थोडं" गेलं. साथ ओसरली तोवर तळवा पाव मिलिमीटरसुद्धा बसला नव्हता, आणि ताई त्या महिन्यात एक दिवसही रजेवर गेल्या नव्हत्या. मी साडूंना म्हणालो, आता तरी ताईंना काहीतरी चांगलं बोला. त्यांनी विचार केला आणि ताईंना म्हणाले, "तुह्या वजनाच्या मानानं निकाल उत्तम हाय."

साथ संपली तरी मोजणं चालूच राहिलं. रोज. दोन वर्षं. तोवर मुंबईच्या विद्यार्थ्याने नोकरी बदलली, डबा संपला, आणि नवा मिळेना. मग ताईंची बदली अचलपूरला झाली. साडू अकोल्यातच. शनिवारी कॉलेज सुटलं की ते निघत, अमरावतीला आमच्याकडे चहा घेत आणि अचलपूरची एस.टी. पकडत. व्हर्नियर रुमालात गुंडाळून खिशात.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याला उतरून चालत ताईंच्या क्वार्टरवर पोचलो. जय भीम झाला, पाणी झालं. ताई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांत निळ्या पट्ट्याच्या, पांढऱ्या तळाच्या, कोऱ्या करकरीत बाजारच्या चपला होत्या. नुकत्याच दुकानांतून यायला लागल्या होत्या त्या. आम्हा दोघांचीही नजर एकदमच तिथे गेली. ताईंनी पाय मागे घेतले.

"ते तुमचे तळवे दवाखान्यातच घालतो," त्या म्हणाल्या. "हे आपले घरच्यासाठी. परतवाड्याच्या बाजारात दिसले, घेतले."

साडूंनी एक चप्पल मागितली. ताईंनी काढून दिली. त्यांनी ती दाबली, वाकवली, कडेने नखाने टोकरली, उन्हाकडे धरून तिच्यातल्या बारीक भोकांकडे पाहिलं. चार वर्षांच्या फण्या, एक घड्याळ, माझी छत्री आणि सासऱ्यांचा तो दिवस. आणि कुठल्यातरी कंपनीने तेच, किंवा त्याच्यासारखंच काहीतरी, बाजारात ढिगाने ओतलं होतं. मी उगाच मेथीची काडी उचलली.

"चांगली हाय," साडू शेवटी म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "माह्यापेक्षा हलकी हाय. रोज वापरायले काई हरकत नाही." चप्पल त्यांनी ताईंच्या पायाशी नीट जोडीने ठेवली, हात झटकले आणि म्हणाले, "मंग आता मोजायचं काई काम नाही."

ताईंनी मेथीचं सूप बाजूला सरकवलं. थोडा वेळ त्या साडूंच्या खिशातल्या रुमालाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उजवा पाय पुढे केला.

"हे कंपनीचं सामान," त्या म्हणाल्या. "किती दिवस टिकते कोनाले माहीत. तुमी मोजा."

साडूंनी मान वर केली. मग खिशातून रुमाल काढला, जमिनीवर नीट पसरला, त्यावर बसले आणि ते पाऊल मांडीवर घेतलं. "इथं?" असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं. ताई काय म्हणाल्या ते मात्र ऐकलं नाही, कारण मी तोवर फाटकापर्यंत गेलो होतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिकाम्या बैलगाडीकडे, फार महत्त्वाचं काही असावं तसं, बघत उभा राहिलो होतो.